तांदळाची पावडर

मुंग्या पाळतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग हा माणूस शुद्धीवर आहे का ते बघतात. कुत्रा पाळा, पोपट पाळा, मासे तर आमच्या चाळीत दर तिसऱ्या घरात आहेत. मुंग्या कोण पाळतं? मी पाळायचो. परळच्या चाळीत, दहा बाय सोळाच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या फळीवर. आता ती फळी रिकामी आहे. ती का रिकामी झाली हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगायला हवं, कारण ज्या बाईने ते सांगायला हवं होतं तिने तोंड मिटून घेतलं.

ती बाई म्हणजे माझी आई, कमलाबाई. घरात आम्ही तिघं. मी, आई आणि माझी बायको प्रिती. मी इथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासतो. मूलबाळ नाही म्हणून मुंग्या, असं चाळीतले लोक म्हणतात. म्हणोत. मुंग्यांचं वेड मला त्याच्या फार आधीपासून आहे. लहानपणी बाबा गिरणीतून यायचे तेव्हा मी गॅलरीत पालथा पडून मुंगळ्यांची रांग बघत असायचो, आणि बाबा रांग न मोडता मला ओलांडून घरात जायचे.

आपल्याकडच्या मुंग्या काही वाईट नाहीत. पण घर की मुर्गी दाल बराबर. मोबाईलवर मुंग्या पाळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात शिरलो आणि युरोपातल्या मुंग्या बघितल्या, तेव्हापासून माझं इथल्या मुंग्यांवरचं लक्ष उडालं. वहीच्या मागच्या पानावर मी यादीच केली होती. लॅसियस नायगर, ही तिकडे फुटपाथवर मिळणारी साधी काळी मुंगी, शाळेतली पोरंसुद्धा पाळतात, पण मुंबईत कुणी बघितलेली नाही म्हणून मला तीही सोन्याची. कॅम्पोनोटस लिग्निपर्डा, जंगलातली, लाल कमरेची, राणी बोटाच्या पेराएवढी, वर्षाचे चार-पाच महिने थंडीत झोपून काढणारी. फॉर्मिका रूफा, पाइनच्या काड्यांचे कमरेएवढे ढीग करून राहणारी, ती तर घरात ठेवायचं नावच नको, नुसती फोटोत बघायची. आणि सगळ्यांच्या वर, दोनदा अधोरेखित केलेली, मेसर बार्बारस.

मेसर ही स्पेन-पोर्तुगालकडची दाणे खाणारी मुंगी. काहींची डोकी लाल, आणि अंगाच्या मानाने इतकी मोठी की चालताना पुढे तोल जाईल असं वाटतं. ही मोठ्या डोक्याची मंडळी दाणे फोडतात, बाकीच्या ते चावून चावून त्याचा लगदा करतात आणि तो लगदा पोरांना भरवतात. पाळणारे लोक त्याला मुंग्यांची भाकरी म्हणतात. वारुळात दाण्यांची वेगळी खोली असते. कोठारच. मला हे वाचून झोप आली नव्हती. भाकरी करणारी मुंगी या जगात आहे आणि आपल्याकडे नाही, म्हणजे काय.

ती मला यतीनने आणून दिली. यतीन गिरगावातला, पाठारे प्रभूंच्या जुन्या घरातला, धंद्याने आर्किटेक्ट. त्याच ग्रुपवर ओळख झाली. एरवी त्याच्या आणि माझ्या वाटा कुठे एकमेकींना लागल्या असत्या असं वाटत नाही. एका ऑक्टोबरात तो कामासाठी स्पेनला गेला आणि तिथल्या एका पाळणाऱ्याकडून राणी घेऊन, शर्टाच्या खिशात टेस्ट ट्यूब ठेवून परत आला. असे जिवंत कीटक परदेशातून आणायला परवानगी लागते. ती आम्ही घेतली नव्हती. तेही माझ्या चुकांच्या यादीत आहे, फक्त ती त्या यादीतली मोठी चूक नाही.

"तू का ठेवत नाहीस?" मी त्याला विचारलं.

"मी महिन्यातले पंधरा दिवस बाहेर असतो," तो म्हणाला. "आणि आमच्या मातोश्रींना झुरळाची मिशी दिसली तरी त्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतात. तुझ्याकडे ती जगेल, प्रफुल्ल. तुझ्या हाताला यश आहे."

माझ्या हाताला यश आहे. हे वाक्य मला नंतर फार दिवस टोचत राहिलं.

राणी घरी आली त्या दिवशी आईने ट्यूब डोळ्यांजवळ धरून बघितली. राणीच्या पाठीवर पंख गळल्याच्या खुणा होत्या. मी म्हटलं, हिला पंख होते, लग्नाआधी उडते आणि मग स्वतःच पंख तोडून टाकते.

"मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं म्हणतात," आई म्हणाली.

"हिचं उलट आहे. पंख फुटले की हिचा संसार सुरू."

"पंख तोडल्यावर संसार. म्हणजे आमच्यासारखंच की," असं म्हणून तिने ट्यूब मला परत दिली.

खरा तमाशा नोव्हेंबरात झाला. या मुंग्यांना हिवाळ्याची विश्रांती लागते. तिकडे थंडी पडते, इथे डिसेंबरातही पंखा लागतो. म्हणून मी ट्यूब एका डब्यात घालून फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवली, मेथीच्या जुडीशेजारी.

"फ्रिजमध्ये मुंग्या?" आई म्हणाली. "अरे, जेवणाला मुंग्या लागू नयेत म्हणून तर आपण फ्रिज घेतला."

तिची बाजू रास्त होती. चाळीतल्या बाईचं अर्धं आयुष्य मुंग्यांशी भांडण्यात जातं. साखरेच्या डब्याखाली पाण्याची ताटली, ओट्याच्या कडेने खडूची रेघ, फटीत हळद. हे सगळं तिने पन्नास वर्षं केलं होतं आणि आता मुलगा फ्रिजमध्ये मुंग्या ठेवून वर म्हणत होता, हळू उघड, धक्का लावू नकोस, ती झोपली आहे. पण आईने ऐकलं. तीन महिने फ्रिजचं दार ती निजलेल्या बाळाच्या खोलीचं उघडावं तसं उघडत होती.

फेब्रुवारीत राणीला बाहेर काढलं, तिने अंडी घातली, पोरं झाली, आणि मुंग्या बारावर गेल्या, मग चाळीसवर. मी त्यांना प्लास्टरचं घर केलं, पुढे काच. ग्रुपवरच्या एकाकडून मागवलेल्या परदेशी बिया संपल्या तेव्हा माझी पंचाईत झाली. माझ्या शिफ्ट बदलत्या, प्रितीचं ऑफिस, दिवसा घरात आईच. मी तिला म्हटलं, "ह्या दाणे खातात. डब्यातलं काहीही घाल. बाजरी, तीळ, तांदळाची कणी. चिमूटभर बस."

असं करत करत मुंग्या आईच्या झाल्या. आईने लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत बावीस वर्षं डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या मशीनवर, काम केलेलं. मिरचीने हातांची आग व्हायची, ती अजून उन्हाळ्यात होते. दुसऱ्या वर्षी मोठ्या डोक्याच्या मुंग्या तयार झाल्या आणि दाणे फोडायला लागल्या, तेव्हा ती काचेला नाक लावून बसायची.

"ह्या बघ कशा कुटतात. थांबणं नाही. आमच्या मालकाने बघितल्या असत्या तर आम्हाला कामावरून काढलं असतं."

राणीला ती बाय म्हणायची. मी ड्युटीवरून आलो की आधी बायचा अहवाल. बाय आज खालच्या खोलीत गेली, बायने एवढी अंडी घातली, बायच्या पोरींनी कचरा त्या कोपऱ्यात टाकला, स्वच्छ आहेत हो. शेजारच्या बकुळामावशी आल्या की आई त्यांना स्टुलावर चढवून दाखवायची. माझ्या आयुष्यात आई आणि मी एवढं कधी बोललो नव्हतो. बाबा गेल्यापासून तर आमचं बोलणं जेवलास का, जेवलो, इतकंच राहिलं होतं. मुंग्यांनी आम्हाला विषय दिला. ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, मी मुंग्या पाळतोय.

दुसऱ्या हिवाळ्यात तीनशेच्या आसपास मुंग्या फ्रिजमध्ये झोपल्या. त्या फेब्रुवारीत त्यांना उठवायच्या वेळेला आई घरात नव्हती. माझी बहीण संघमित्रा शीव कोळीवाड्याला राहते, तिचा पाय फ्रॅक्चर झाला म्हणून आई पंधरा दिवस तिकडे गेली होती. जाताना मला म्हणाली, "बायला उठवशील तेव्हा जपून. मी आल्यावर उठवली तरी चालेल."

मला कुठला धीर. मी चौथ्या दिवशीच डबा बाहेर काढला. मुंग्या हळूहळू हलायला लागल्या, भुकेल्या होत्या. मी तांदळाचा ड्रम उघडला, मूठभर तांदूळ घेतला, पाट्यावर जरा भरडला आणि त्यांच्यापुढे टाकला. तासाभरात त्यांनी तो सगळा उचलून कोठारात नेला. मी यतीनला व्हिडिओ पाठवला. त्याने हात जोडल्याची चित्रं पाठवली.

आई परत आली तेव्हा सगळं ठीक होतं. तिने पिशवी खाली ठेवायच्या आधी काचेत बघितलं आणि म्हणाली, "पोरी कामाला लागल्या."

दोन दिवसांनी कचऱ्याच्या कोपऱ्यात मेलेली पोरं दिसली, पांढरी, आक्रसलेली. मग मोठ्या मुंग्या. दहा, मग तीस. चालता चालता थांबायच्या, पाय ओढायच्या, उताण्या पडायच्या. मी पाणी बदललं, कापूस बदलला, घर बदललं. आठवड्यात पाऊणशे उरल्या. मी यतीनला फोन केला.

"हे आजाराचं वाटत नाही," तो म्हणाला. "विषाचं वाटतं. घरात काही फवारलंत का? कुणी खडू, स्प्रे?"

घरात खडू कोण ओढतं, स्प्रे कोण मारतं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तर राणी उताणी पडली होती. एक पाय हलत होता. तोही माझ्यादेखत थांबला. आई ओट्यापाशी होती, प्रिती अजून आली नव्हती. मी आईला विचारलं, "काय घातलंस तू यांना?"

"मी आल्यापासून काहीच नाही घातलं. कोठार भरलेलं दिसलं." मग तिने विचारलं, "मी नसताना तू काय घालत होतास?"

"तेच. ड्रममधला तांदूळ. तू घालतेस तोच."

आईने माझ्याकडे बघितलं. मग ड्रमकडे बघितलं. हे मला आता आठवतं, तेव्हा मी बघूनही बघितलं नाही. ती म्हणाली, "मग माझंच काहीतरी झालं असेल. परवा मोरीत झुरळाचा स्प्रे मारला असेन. लक्षात नाही रे."

मी जे बोललो ते इथे लिहितो, कारण ते मी बोललो आहे. मी म्हणालो, "तुला जन्मभर मुंग्या मारायचीच सवय. तुझ्या हाताने काही जगणार आहे का? यापुढे माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही. या घरात कशाला हात लावायच्या आधी मला विचारायचं."

आणि मग मी खाली बसून रडलो. चाळिशी ओलांडलेला माणूस, गुडघ्यात डोकं घालून. आईने गॅस बंद केला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फ्रिजसमोर उभी होती. म्हणाली, "प्रफुल, दूध काढू का रे?"

मला वाटलं, टोमणा आहे. आमच्या आईला टोमणा मारता येतो, चांगला येतो. पण तो टोमणा नव्हता. तिने माझ्या होकाराची वाट बघितली आणि मग दार उघडलं. त्या दिवसापासून हे सुरू झालं. दही घेऊ का. ही खुर्ची सरकवू का. टीव्ही लावू का. ज्या घरात ती नवरी होऊन आली, ज्या घराच्या फरश्या तिने पुसून पुसून झिजवल्या, तिथे ती पाहुण्यासारखी विचारू लागली. प्रिती एकदा म्हणाली, "तुम्ही त्यांना सॉरी म्हणा." मी म्हटलं, "मारल्या तिने आणि सॉरी मी म्हणू?" राग असा की तो उतरला तरी मी तो धरून ठेवला.

मे महिन्यात गावाहून तांदूळ आला. मंडणगडला आमचा थोडा वाटा आहे, काका दोन गोणी पाठवतात. पावसाळ्याआधी त्याला पावडर लावून ड्रम भरायचे, हे आमच्या घरातलं दरवर्षीचं काम. पूर्वी आई करायची, तिचे हात दुखायला लागले तसं गेली सहा-सात वर्षं मी करतो. पेपर पसरायचे, तांदूळ ओतायचा, वरून पावडर भुरभुरायची आणि दोन्ही हातांनी चोळायची, म्हणजे पोरकिडे होत नाहीत. शिजवताना तीन-चार पाण्यांनी धुतला की झालं. आई संघमित्राकडे गेली होती. मी चोळत होतो, प्रिती ड्रम पुसत होती.

पुसता पुसता ती म्हणाली, "आता निदान तो एक उद्योग वाचला. आई मुंग्यांचे तांदूळ किती धुवायच्या. सात-सात पाणी. मग फडक्यावर वाळवायच्या खिडकीत. मी म्हटलं, आपल्यालासुद्धा एवढे धुवत नाही. तर म्हणाल्या, आपण माणसं, आपल्याला पचेल."

माझे हात तांदळात होते. पांढरे झाले होते, कोपरापर्यंत.

ती बोरिक पावडर होती. बोरिक आणि साखर हा मुंग्या मारायचा जुना उपाय आहे, कुठल्याही केमिस्टला विचारा. मी स्वतः तो लॅबच्या कॅन्टीनवाल्याला सांगितलेला आहे. हळूहळू काम करतो, मुंगी ते घरी नेते, पोरांना भरवते, राणीला भरवते, आणि दोन-तीन आठवड्यांत वारूळ साफ. हे सगळं मला पाठ होतं. पण आमच्या घरात तिला कुणी बोरिक म्हणत नाही, विष तर नाहीच नाही. तांदळाची पावडर म्हणतात. आई म्हणायची, तिच्या सासूबाई म्हणायच्या. केमिस्टकडेही मी तांदळाची पावडर द्या असंच म्हणतो, आणि तो देतो. त्या नावामागे ती माझ्या हातात असूनही मला दिसली नाही. मीच मे महिन्यात लावली, मीच फेब्रुवारीत तो तांदूळ मूठभर उचलून त्यांच्यापुढे टाकला. न धुता. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून त्याची भाकरी केली.

आणि आई. चौथी शिकलेली, मसाला कुटणारी बाई, तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. इतकं उघड वाटलं असेल तिला की मला सांगायची गरजही वाटली नसेल. तांदूळ धुवून घ्यायचा असतो, हे काय कुणाला सांगायचं?

आई दोन दिवसांनी आली. ती भाजी निवडत होती, मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं. ती देठं मोडत राहिली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? स्प्रे मारला म्हणून खोटं का बोललीस?"

"तू रडणार होतास. दिसत होतं तोंडावर. त्यात मी म्हटलं असतं, बाबा, तूच मारल्यास, तर तू ते कुठे ठेवलं असतंस? माझ्यावर राग काढून तरी हलका होशील म्हटलं."

"मी हलका नाही झालो, आई."

"मग ते माझं चुकलं," आई म्हणाली, आणि ते ती खरंच मनापासून म्हणाली.

मी तिचे हात धरले. माफ कर म्हटलं. ती म्हणाली, माफ काय करायचं, आणि माझ्या केसांतून एकदा हात फिरवला. मी म्हटलं, एक कर, यापुढे मला काही विचारू नकोस. घर तुझं आहे. फ्रिज तुझा आहे. हवं ते उघड, हवं ते घे.

"बरं," ती म्हणाली. "नाही विचारणार."

आणि तिने नाही विचारलं. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, मी दिवसभर घरात होतो. दुपारी ती कोरा चहा पीत होती. उन्हाच्या काहिलीत माठाचं पाणीही गार राहत नव्हतं, तेच पीत होती. तिचे हात तिखट लागल्यासारखे लाल झाले होते. दर उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा घेऊन हातांवर फिरवते, तो तिने घेतला नव्हता. संध्याकाळी प्रिती आली आणि तिने फ्रिज उघडला, तेव्हा आई पटकन उठली आणि म्हणाली, "उघडलाच आहेस तर बर्फ दे गं जरा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी विचारू नकोस म्हटलं होतं म्हणून ती विचारत नव्हती. आणि विचारायचं नाही म्हणून ती उघडतही नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. आरशात मला आई दिसत होती. कोरा चहा घेऊन फ्रिजपासून हातभर अंतरावर उभी होती.

मीच म्हटलं, "आई, विचारत जा."

"विचारू?" तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. "दूध काढू का रे?"

"काढ," मी म्हटलं.